चुकलेल्या ठशाची नाणी

बेल्ह्याचा बाजार सोमवारचा. कल्याण-नगर रस्त्यावर आळेफाटा सोडला की राजुरी आणि राजुरीनंतर बेल्हे. पुढे गुळुंचवाडी आणि अण्याचा घाट. बैलबाजारामुळे या गावाचं नाव घाटाखालच्या लोकांनाही ठाऊक आहे. बैलाचा सौदा पूर्वी रुमालाखाली बोटं दाबून ठरायचा. किती ठरलं ते दोघांनाच कळे, पण पैसे मात्र चारचौघांत मोजून दिले जात. माझे आजोबा सांगत, की चांदीचा रुपया दगडावर वाजवल्याशिवाय कोणी कनवटीला लावत नसे. खणखणीत वाजला तर घेतला, बद्द वाजला तर परत. आवाजाची खात्री पटली की नजर ठशावर जायची. राजाचं तोंड अर्धंच उमटलेलं असेल, अक्षरं दुहेरी दिसत असतील, काठ एका बाजूने कापल्यासारखा असेल, तर घेणारा मान हलवी. असं नाणं दिवसभर या हातातून त्या हातात फिरायचं आणि शेवटी कोणाच्या तरी घरात अडकून पडायचं.

मला या अडकून पडलेल्या नाण्यांचा नाद आहे. संग्राहक त्यांना ‘एरर कॉईन’ म्हणतात. मी एसटीत वाहक होतो. नोकरीची बरीच वर्षं जुन्नर आणि पारनेरच्या वाटांवर गेली. चामडी बॅगेत दिवसभर नाणी पडत आणि रात्री आगारात रोकड भरताना ती सगळी एकदा बोटांखालून जात. बॅगेत चुकीच्या ठशाचं नाणं दिसलं की माझ्या खिशातलं तेवढ्याच किमतीचं नाणं हिशेबात टाकायचं आणि ते बाजूला काढायचं, एवढाच माझा व्यवहार. अंगठ्याला सवय झाली की कमी वजनाचं, काठ नसलेलं किंवा जास्त पसरट नाणं न बघताही कळतं. यंत्रमागावर आयुष्य काढलेल्या माणसाला तुटलेला धागा आवाजावरून कळतो, तसंच हे.

पण हा नाद आजच्या रुपया-दोन रुपयांपुरता ठेवला तर त्यातला अर्धा आनंद हुकतो. आमच्या जुन्नर तालुक्यात नाण्याचा इतिहास फार मागे जातो. नाणेघाटातला दगडी रांजण शाळेच्या सहलीला गेलेल्या प्रत्येक मुलाने पाहिलेला असतो. जकातीची नाणी त्यात टाकत, असं तिथे सांगतात. तिथल्याच लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे आणि त्यात यज्ञांच्या दक्षिणेचे आकडे हजारो कार्षापण नाण्यांत दिलेले आहेत. जुन्नर गावाला लागून असलेल्या मानमोडी डोंगरावर महाक्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याचा लेख आहे, वर्ष 46 चा. मंडप आणि पाण्याची पोढी दान दिल्याची त्यात नोंद आहे. म्हणजे एकाच तालुक्यात सातवाहनांचाही लेख आणि त्यांचा शत्रू असलेल्या क्षत्रपांचाही.

या दोघांचं वैर नाण्यावर प्रत्यक्ष दिसतं. 1906 मध्ये नाशिकजवळच्या जोगळटेंभीला चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. त्यात 13,000 हून अधिक नाणी होती आणि ती सगळी नहपानाची होती. त्यांतल्या 9,000 हून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःची चिन्हं मारलेली होती. एका बाजूला तीन कमानींचा डोंगर, दुसऱ्या बाजूला उज्जैनचं चिन्ह. नाणी वितळवून नवी पाडायला वेळ आणि जळण लागलं असतं, म्हणून हरलेल्या राजाच्या नाण्यावरच नवा ठसा मारला. त्यामुळे डोंगराच्या कमानीखालून नहपानाचं नाक डोकावतं, तर कुठे ग्रीक अक्षरांचा तुकडा उरलेला दिसतो. ही काही टांकसाळीतली चूक नव्हे, हा हुकूम होता. तरीही दुहेरी ठशाचं नाणं वाचायला शिकायचं असेल, तर याच्याइतका चांगला धडा नाही. खालचा ठसा कोणता, वरचा कोणता, घाव कोणत्या बाजूने जास्त बसला, हे सगळं त्या इवल्याशा चांदीवर शोधता येतं. नहपानाच्या नाण्यांवर राजाच्या डोक्याभोवती जी ग्रीक अक्षरं आहेत, तीही पुढच्या पुढच्या ठशांत बिघडत गेली. कोरणाऱ्याला ती लिपी येत नव्हती. समोरच्या नाण्यावरून तो आकार उचलत होता आणि प्रत्येक नकलेत आकार थोडा ढळत होता. दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या कारागिराचं नाव आपल्याला मिळणार नाही. त्याला काय येत होतं आणि काय येत नव्हतं, एवढं मात्र त्याचं नाणं सांगतं.

मला सगळ्यांत जवळची वाटते ती शिवराई. तांब्याची, तोळाभर वजनाची, एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’. शिवाजी महाराजांच्या काळात सुरू झालेलं हे नाणं पुढे शाहू महाराजांच्या आणि पेशव्यांच्या अमलात गावोगावच्या टांकसाळींतून पडत राहिलं आणि इंग्रजी राज्य आल्यावरही एकोणिसाव्या शतकात दख्खनच्या बाजारात चालत राहिलं. आमच्या भागातल्या जुन्या घरांत देव्हाऱ्यात, पाळण्याच्या दोरीला, लहान मुलाच्या करगोट्यात भोक पाडून ओवलेली शिवराई सापडते. दृष्ट लागू नये म्हणून बांधलेली. भोक पाडलेल्या शिवराईला बाजारात फारशी किंमत येत नाही. माझ्या मते हा व्यापाऱ्यांचा कोतेपणा आहे. ते भोक म्हणजे त्या नाण्याच्या आयुष्यातला दुसरा टप्पा आहे.

शिवराईवर लिखाण कसं कसं बदलतं ते पाहण्यासारखं आहे. कुठे ‘शिव’, कुठे ‘सिव’, कुठे ‘शीव’. कुठे ‘छत्रपति’, कुठे ‘छत्रपती’. एखाद्या ठशात अक्षर उलटं वळलेलं. ठसा कोरताना सगळी अक्षरं आरशातल्यासारखी उलटी कोरावी लागतात. क्षणभर हात चुकला की एक अक्षर सुलटं कोरलं जातं आणि नाण्यावर उलटं उमटतं. हे सगळं एका जागी, एका हुकुमाखाली होत नव्हतं. तांब्याचे पैसे पाडायचं काम मक्त्याने दिलं जाई. मराठी राज्यातल्या टांकसाळींवर न्यायमूर्ती रानडे यांनी निबंध लिहिला आहे. त्यात 1744 च्या सुमाराची नोंद आहे, की नागोठण्याच्या बाळाजी बापूजीला तीन वर्षांसाठी टांकसाळीचा परवाना दिला आणि नाण्याचं वजन दहा मासे ठरवून दिलं. वजन ठरवून दिलं जाई, कारण वजनात चोरी केली तर रयतेचं नुकसान. ऱ्हस्व-दीर्घाकडे मात्र कोणाचं लक्ष नव्हतं.

आता इथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो, कारण यावरून नवख्यांची फसवणूक होते. शिवराई हाताने पाडत. खालचा साचा ऐरणीत पक्का बसवलेला, त्यावर तांब्याची चकती, चकतीवर वरचा साचा आणि त्यावर हातोड्याचा घाव. साचा बहुतेक वेळा चकतीपेक्षा मोठा असे. त्यामुळे सगळी अक्षरं एका शिवराईवर बसतच नाहीत. एकीवर ‘श्री राजा’ पुरं, ‘शिव’ची नुसती वेलांटी. दुसरीवर ‘छत्र’ गेलं आणि ‘पति’ राहिलं. अशी अर्धी अक्षरं असलेली शिवराई ‘एरर’ म्हणून चढ्या भावाने विकणारे आहेत. ती चूक नव्हे. शिवराई तशीच असते. उलट सगळी अक्षरं पूर्ण बसलेली शिवराई दुर्मिळ आणि तिचीच किंमत जास्त.

शिवराईतली खरी चूक वेगळी असते आणि ती पाहिली की टांकसाळीत उभं राहिल्यासारखं वाटतं. घाव बसल्यावर कधी कधी नाणं खाली न पडता वरच्या साच्याला चिकटून राही. हातोडा मारणाऱ्याच्या ते ध्यानात येत नसे. त्याने पुढची चकती ठेवली आणि घाव घातला. मग या नव्या चकतीच्या खालच्या बाजूवर खालच्या साच्याचा बरोबर ठसा उमटला. वरच्या बाजूवर मात्र साच्याऐवजी चिकटलेल्या नाण्याने छाप टाकली. म्हणजे एका बाजूला उठावदार ‘छत्रपति’ आणि दुसऱ्या बाजूला तेच ‘छत्रपति’ खोलगट आणि उलटं. नाण्यांच्या व्यापारात अशा नाण्याला ‘लखी’ म्हणतात. कुशाण, सुलतानी नाण्यांपासून ईस्ट इंडिया कंपनीच्या पाव आण्यापर्यंत आणि तिथून आजच्या रुपयापर्यंत सगळ्या काळांत अशी नाणी मिळतात, कारण चिकटलेलं नाणं न दिसणं ही चूक यंत्र आलं तरी गेली नाही. घाईच्या दिवसात, अंधारत आलेल्या वेळी, दमलेल्या हाताने मारलेला तो एक घाव. माझ्याकडच्या शिवराईंत मी सर्वांत जपतो ती अशी एक आहे.

पेशवाईत रुपयांचे इतके प्रकार होते की सराफाशिवाय पान हलत नसे. पुण्याचा अंकुशी रुपया वेगळा, चांदोरी वेगळा, प्रत्येकाचा बट्टा वेगळा. जुन्या रुपयांवर सराफांनी मारलेल्या बारीक खुणा दिसतात. चांदी खरी आहे का ते पाहायला मारलेल्या. संग्राहक त्या खुणांना डाग समजतात. मी नाही समजत.

मुंबईची टांकसाळ 1829 मध्ये सुरू झाली. वाफेच्या यंत्रावर नाणी पडू लागली. 1835 पासून कंपनीच्या साऱ्या मुलखासाठी एकसारखा रुपया आला. चकतीभोवती पोलादी कडं आलं, त्यामुळे नाणं गोल आणि काठ सारखा. आता चूक क्वचित होऊ लागली आणि म्हणूनच डोळ्यात भरू लागली. कधी यंत्राने काहीच चूक केली नाही तरी नाणं बिघडलं. 1911 चा पंचम जॉर्जचा रुपया घ्या. राजाच्या झग्यावरच्या पदकमालेत एक हत्ती कोरलेला होता, पण तो इतका बुटका की लोकांना डुक्कर वाटला. ओरड झाली, नाणी परत घेतली आणि 1912 पासून हत्ती सोंडेसह नीट कोरला गेला. ठसा एकदम स्वच्छ, पण लोकांनी नाकारला.

आता आपल्या हयातीतली नाणी. 1 एप्रिल 1957 ला दशमान नाणी आली आणि सोळा आण्यांचा रुपया 100 नव्या पैशांचा झाला. पुढे ॲल्युमिनियमचे हलके पैसे आले. 1988 ला पोलादाची दहा, पंचवीस आणि पन्नास पैशांची नाणी निघाली आणि 1992 ला पोलादाचा रुपया. पोलाद टणक. साच्याला त्याचा मार जास्त. साचा तडकला की त्या तडीत धातू शिरतो आणि नाण्यावर नको तिथे रेघ उठते. साच्याचा कोपराच उडाला तर नाण्याच्या काठाशी धातूचा एक सपाट फुगवटा येतो आणि तिथली अक्षरं गायब होतात.

कापलेल्या काठाचं नाणं कसं होतं तेही सांगतो, कारण हेच सगळ्यांत जास्त हाती येतं. धातूची लांब पट्टी यंत्रातून सरकत जाते आणि पंच तिच्यातून गोल चकत्या पाडत जातो. आम्ही कंडक्टर तिकिटाला भोक पाडायचो त्याचाच हा मोठा प्रकार. पट्टी पुरेशी पुढे सरकली नाही, तर पंच आधीच्या भोकावर अर्धवट पडतो आणि चकतीला चंद्रकोरीसारखी खाच पडते. मग ती चकती काठ वळवण्याच्या यंत्रात जाते. कापलेल्या बाजूला दाब मिळत नाही, म्हणून बरोबर समोरच्या बाजूलाही काठ नीट उठत नाही. खऱ्या नाण्यात कापाच्या थेट समोरचा काठ दबका असतो. कानसीने घासून केलेल्या कापात समोरचा काठ ठणठणीत असतो. ही खूण लक्षात ठेवली तर निम्म्या लबाड्या ओळखू येतात.

चकती कड्यात नीट बसली नाही तर ठसा सरकतो. अर्धा रुपया कोरा, अर्ध्यावर सिंहस्तंभ. वरचा-खालचा साचा एकमेकांच्या रेषेत नसेल, तर सिंह सरळ धरून नाणं उभ्या अक्षावर फिरवलं की मागचा आकडा तिरका किंवा उलटा दिसतो. 10 रुपयांच्या दुरंगी नाण्यात मधली टिकली कड्यात वाकडी बसलेली असते.

ही नाणी टांकसाळीतल्या तपासणीतून निसटतात. कोणत्या टांकसाळीतून, ते सालाखालची खूण सांगते. मुंबईच्या नाण्यावर सालाखाली हिरकणीचा आकार असतो, हैदराबादच्या नाण्यावर तारा, नोएडाच्या नाण्यावर टिंब आणि कोलकात्याच्या नाण्यावर काहीच नाही. 1980 च्या दशकात सुट्ट्या पैशांची इतकी टंचाई झाली होती, की आम्हाला तिकिटामागे बाकी लिहून द्यावी लागे आणि दुकानदार चॉकलेटं देत. त्या टंचाईपायी 1985 चा रुपया इंग्लंडच्या हीटन टांकसाळीकडूनही पाडून आणला होता. त्या नाण्याच्या सालाखाली ‘एच’ हे अक्षर दिसतं. टांकसाळीतून थैल्या रिझर्व्ह बँकेकडे, तिथून बँकांच्या तिजोऱ्यांत, तिथून शाखेत. शाखेत कोणी व्यापारी नव्या नाण्यांची थैली फोडून घेतो आणि पालथी घालून एकेक नाणं तपासतो. पुण्या-मुंबईचे संग्राहक बहुतेक असेच मिळवतात. त्यांच्याकडची नाणी कोरी, चकचकीत.

आमच्याकडची वाट वेगळी. इथे नाणं फिरून फिरून मिळतं. सोमवारी बाजाराला आलेली एखादी म्हातारी बसमध्ये रुपया पुढे करायची आणि म्हणायची, “बाबा, हा घे. भाजीवालीनं नाही घेतला, चहावाल्यानं नाही घेतला.” मी घ्यायचो. सरकारने पाडलेलं नाणं सरकारच्या गाडीत चाललं पाहिजे, असं मी तिला सांगायचो. गुरवाकडून, पिठाच्या गिरणीतून, पानाच्या टपरीवरच्या डब्यातून मला अशी नाणी मिळाली. दुकानदार ती गल्ल्यात एका कोपऱ्यात वेगळी ठेवतो, कारण गिऱ्हाईक परत करतं. त्या कोपऱ्याला हात घालू देणारा दुकानदार मिळाला की संग्राहकाचं काम झालं. जुनं तांबं मात्र मोडीत जातं. भांड्यांच्या मोडीबरोबर शिवरायाही तराजूत पडतात आणि वितळतात. त्यांतल्या काही आधीच उचलल्या जातात आणि पुण्याच्या मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी फडक्यावर येतात. तिथून पुढे संग्राहकांच्या प्रदर्शनात, मुंबईच्या लिलावाच्या छापील यादीत. दर पायरीला किंमत चढते आणि दर पायरीला नाणं कुठलं, कोणाच्या घरातलं, ही माहिती गळत जाते. मला या सगळ्या व्यवहारात खटकतं ते हेच. नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे. अशा ठिकाणच्या अभ्यासकाला नाणं दाखवलं, की त्याचा पहिला प्रश्न किमतीचा नसतो. तो विचारतो, कुठे मिळालं?

आणि खोट्या चुका. पक्कडीत दोन नाणी एकमेकांवर दाबून ‘लखी’ बनवतात. त्यात मूळ ठसा चेपलेला दिसतो आणि उलटी छाप उथळ असते. दोन नाणी आतून कोरून एकमेकांत बसवली की दोन्हीकडे सिंह. काठ भिंगाखाली धरला की सांधा दिसतो. 10 रुपयांची टिकली ठोकून काढायची आणि उलटी बसवायची. चुंबक आणि बारीक वजनकाटा जवळ असला तर पोलादाचा रुपया आणि तांबे-निकेलचा रुपया यांत गल्लत होत नाही.

याहून वाईट म्हणजे मोबाईलवर फिरणाऱ्या बातम्या. 2012 च्या वैष्णोदेवीच्या 5 आणि 10 रुपयांच्या नाण्याला लाखो रुपये मिळतात म्हणे. हे नाणं ढीगभर आहे आणि ते चुकलेलंही नाही. आमच्या भागातल्या एका होतकरू मुलाने असं नाणं विकत घेतो म्हणणाऱ्या माणसाला नोंदणीची फी, मग कराची रक्कम, असं करत कांद्याचे पैसे पाठवले. नाणं अजून त्याच्या घरी आहे, पैसे गेले. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2021 मध्ये जाहीर सांगितलं आहे, की जुन्या नाण्या-नोटांच्या व्यवहारात बँक पडत नाही, फी मागत नाही आणि कोणालाही तसा अधिकार दिलेला नाही.

तेव्हा वाचकांना माझी विनंती आहे. घरात जुनं किंवा विचित्र ठशाचं नाणं सापडलं तर ते चिंचेने, राखेने घासू नका. घासलेल्या तांब्यावरचा ठशाचा बारीक तपशील परत येत नाही. नांगरताना किंवा पाया खणताना साठा सापडला तर 1878 चा निखात निधीचा कायदा आजही लागू आहे. जिल्हाधिकाऱ्यांना कळवा, आपसांत वाटून घेऊ नका. जोगळटेंभीचा साठा एकत्र राहिला, म्हणूनच त्यातून इतिहास लिहिता आला. आणि नाणं ठेवायचं ठरवलं तर कागदाच्या छोट्या पाकिटात ठेवा. पाकिटावर गाव, तारीख आणि ते कोणाच्या हातून आलं एवढं पेनाने लिहा.